टाकीचं सोंग

या, पुढं सरका. त्या खांबामागं बसलात तर नुसती झांज ऐकू येईल, गोष्ट नाही. पुढच्या सतरंजीवर जागा आहे, आणि पुढं बसणाऱ्याला बुवा प्रश्न विचारत नाहीत, भिऊ नका. जवळ आलात की मला ओरडावं लागणार नाही, आणि आजची गोष्ट ओरडून सांगायची नाहीच. कुठल्या पोथीत नाही, पुराणात नाही. टीव्हीवरची आहे!

हसलात? हसा. आज विषयच हसण्याचा आहे.

मंडळी, मला एक सांगा. गावाचा कारभारी चुकला, तर त्याला चारचौघांत हसणं हे पाप की पुण्य? कुणी म्हणेल, बुवा, निंदा ती निंदाच. कुणी म्हणेल, चोराला चोर म्हटलं तर त्यात निंदा कसली? दोघांचंही ऐकून ठेवलंय. निकाल शेवटी.

आता तुमच्या घरातलं सांगतो. आठवड्यातनं एकदा, जेवणं उरकली की बातम्यांची खिल्ली उडवणारा तो कार्यक्रम लागतो. लागतो की नाही? सासूला एक निवेदक आवडतो, सुनेला दुसरा. मग वाद — हा बरा की तो बरा? रिमोट कुणाच्या हातात, यावर निकाल. आमच्या घरीही तेच. मी एकदा सौभाग्यवतींना विचारलं, माझ्या कीर्तनात तू इतकी का हसत नाहीस? म्हणाली, तुमचे विनोद मला लग्नापासून पाठ आहेत.

पण खरं सांगू? मला ही माणसं फार आवडतात. अहो, तो आणि मी, दोघांचा धंदा एकच. लोकांसमोर उभं राहायचं, त्यांना हसवायचं, आणि तोंड उघडलं की हळूच औषधाचा चमचा आत सारायचा. माझ्यामागं टाळकरी, त्याच्यामागं जाहिराती, एवढाच फरक. पूर्वी हे काम आपल्याकडं बहुरूपी करायचा. फौजदाराचा डगला घालून दारात यायचा, खोटं वॉरंट वाचायचा, खऱ्या फौजदारालाही हसू यायचं. हसण्याला आपल्याकडं देवळात जागा आहे, मंडळी. फक्त एक पथ्य आहे. मीच जुळवलेली एक ओवी म्हणतो. नानाकाका, पेटी जरा खालच्या पट्टीत.

हसू दिले देवे । दिवा अंधारात ।
नेऊ नये वात । छपराला ॥

दिव्यानं उजेड पडतो. तोच दिवा छपराला लावला तर उजेड जास्त पडतो, हो! पण घर जातं.

आता आख्यान ऐका. देवसांगवी नावाचं गाव. नगरपालिका असलेलं, म्हणजे गाव म्हटलं तर रागावणारं आणि शहर म्हटलं तर लाजणारं. तिथं केबलची दोन चॅनलं. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता दोन्हीकडं बातम्यांची टिंगल.

एकीकडं जगदेव चव्हाण. बहुरूप्याचा मुलगा. बापाबरोबर गावोगाव हिंडलेला. खांद्यावर पंचा टाकला की सभापती, तोच पंचा डोक्याला गुंडाळला की कंत्राटदार. एकाच गटाराचं तिसऱ्यांदा उद्घाटन झालं, तेव्हा या पठ्ठ्यानं काय केलं? गटाराला हार घातला, काठावर केक ठेवला आणि गटाराचा तिसरा वाढदिवस साजरा केला. गाव लोटपोट.

दुसरीकडं इंदुताई सरवदे. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या सोंगबिंग काही आणत नसत. चष्मा लावायचा, नगरपालिकेचं निवेदन जसंच्या तसं वाचायचं, एक घोट पाणी प्यायचं आणि एक प्रश्न विचारायचा. एकदा पालिकेनं कळवलं की गावात डास उरलेले नाहीत. ताईंनी वाचलं. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "असं असेल, तर ती धुराची गाडी रोज संध्याकाळी कुणाला भेटायला येते?" बस्स. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गाव दोन दिवस हसत होतं.

झालं! गावाचे दोन पक्ष. जगदेववाले आणि ताईवाले. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं भांडायची. जगदेववाले म्हणायचे, ताई म्हणजे तोंडी परीक्षा. ताईवाले म्हणायचे, जगदेव म्हणजे माकडचेष्टा. मला विचाराल तर दोघंही सोनं. एकाला पोट धरून हसावं, दुसरीला अंथरुणात आठवून हसावं. पण सोनं म्हटलं की कसोटीचा दगड येतोच, आणि तो आला पाण्यातनं.

देवसांगवीला पाणी पुरवणारी एक उंच टाकी होती. तीन उन्हाळे तिला कुणी धुतलं नव्हतं. झाकण केव्हाच उडालेलं. कुंभारवाड्यात काविळीची साथ लागली. तिथं सगुणा नावाची बाई, तिची एकुलती एक पोर आजारी पडली. सगुणा नगरपालिकेत जाऊन आली. तिथं तिला सांगितलं, बघू. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा सांगितलं, बघतोय. शेवटी ती जगदेवच्या दारात उभी राहिली.

"दादा, पोरीचं डोळं हळदीवानी झाल्यात. माझं कुणी ऐकत न्हाई. तुमचं गाव ऐकतंय. तेवढं टाकीचं बोला."

जगदेव चांगला माणूस. बोलतो म्हणाला. शनिवारी उभा राहिला, सुरुवातही झकास केली. मग नगराध्यक्षांचं सोंग घेतलं. नगराध्यक्ष म्हणजे आनंदराव मोहोळकर. माणूस वाईट नव्हता हो, उद्याचा माणूस होता. सगळी कामं उद्या. पण लहानपणापासून त्यांची जीभ अडायची. विशेषतः 'प' आला की गाडी चिखलात. जगदेव उभा राहिला आणि म्हणाला, प-प-प-प-पाणी. स्टुडिओतला कॅमेरावालासुद्धा हसला. मग जगदेवला आवरेना. हशाची नशा दारूहून वाईट, मंडळी, मी चाळीस वर्षं उभा आहे, मला विचारा. पाच मिनिटं तो नुसता 'प' म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गावभर प-प-प. भाजीवाली पालक विकताना प-प-प. शाळेतली पोरं प-प-प. कुणाच्या तोंडी टाकी होती का? एकाच्याही नाही!

आठवड्यानं आनंदरावांनी चौकात सभा बोलावली. माइकपुढं उभे राहिले. पहिलाच शब्द अडला. एरवी त्यांचे सेक्रेटरी बोलत, त्या दिवशी त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गर्दीनं माना खाली घातल्या. काल प-प-प करणारेच आज डोळे पुसत होते. मग जो तो जगदेववर उलटला. त्याचा कार्यक्रम बंद पडला, दारावर दगड आले.

आणि त्याच सभेत, गर्दीतनं सगुणानं हात वर केला होता. तिला विचारायचं होतं, टाकी कधी धुणार? शेजारच्या बाईनं तिचा हात धरून खाली ओढला. म्हणाली, आज नको गं. बिचाऱ्याला आज तरी नको.

कळतंय का मंडळी काय झालं? जिभेला हसले, म्हणून टाकी सुटली. दयेच्या पुरात घाण पाणी वाहून गेलं, आणि गेलं कुठं? थेट कुंभारवाड्यात.

आता सगळं गाव वाट बघत होतं की शनिवारी इंदुताई जगदेवची कशी सालटी काढतात. मैदान मोकळं होतं. ताईवाल्यांनी वडे मागवून ठेवले होते. पण शुक्रवारी दुपारी जगदेव ताईंच्या ओट्यावर येऊन बसला.   म्हणाला,

"माझा बाप फौजदाराचं सोंग आणायचा. आमच्या भागातला खरा फौजदार एका डोळ्यानं अधू होता. बापानं त्या डोळ्याचं सोंग कधी आणलं नाही. मी विचारलं होतं, का नाही? तर म्हणाला, वर्दी उतरवता येते बाळा, डोळा उतरवता येत नाही. जे उतरवता येतं, त्याचंच सोंग आणावं." मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, बापाचं सगळं उचललं, तेवढंच विसरलो."

ताई अखेर मास्तरीणबाईच. म्हणाल्या, "व्यंग आणि व्यंग्य. एक शरीरातलं उणं, दुसरा शब्दांतला टोला. जन्मभर मुलींच्या उत्तरात तो शेवटचा 'य' राहून जायचा. तुझाही राहिला. शिक्षा झाली तेवढी पुरे. टाकीचं काय करायचं ते सांग. त्या बाईची पोर अजून अंथरुणात आहे."

बघा हं. समोर हरलेला प्रतिस्पर्धी बसलाय, आणि या बाईला आठवते सगुणाची पोर! इथं मी हात जोडतो.

शनिवारी सात वाजता ताईंच्या चॅनलवर दोघं एकत्र. आधी जगदेव एकटा आला. पंचा नाही, टोपी नाही, रंग नाही. स्वतःच्या तोंडानं आनंदरावांची माफी मागितली. दोन वाक्यांत. रडला नाही, कारण रडणं हेही एक सोंगच, आणि ते त्याला फार चांगलं जमायचं.

मग ताई म्हणाल्या, "नगराध्यक्षांची जीभ अडते. त्यांना आपण बोलायला सांगायचंच नाही. टाकीवर चढायला जीभ कुठं लागते?"

आणि पाण्याचा घोट घेऊन त्यांनी पाहुण्यांना बोलावलं. पाहुणी कोण? टाकी! जगदेवनं डोक्यावर पालथी घागर घातली होती, चार बाजूंना चार बांबू बांधले होते आणि तो टाकीबाई होऊन डुलत डुलत आला. ताई गंभीरपणे मुलाखत घेऊ लागल्या. वय किती? बाईमाणसाला वय विचारू नये. आंघोळ शेवटची कधी? तीन उन्हाळे झाले, ताई, मुहूर्त निघेना. पोटात काय दुखतंय? दोन कबुतरं आहेत, एक खार आहे, बाकीच्यांची ओळख पटत नाही. मग टाकीबाई जरा थांबली आणि म्हणाली,

"निवडणुकीला सगळे पक्ष माझ्याच सावलीत भाषण करतात. इतकी वर्षं झाली, एकानंही मान वर करून बघितलं नाही."

हसलं हो गाव! पण हे हसू वेगळं होतं. हसता हसता प्रत्येकानं घरातल्या माठाकडं बघितलं.

आणि आनंदराव? ते घरी टीव्हीपुढं बसले होते. त्यांच्या मंडळींनी पुढं सांगितलं की कबुतरांपर्यंत ते दात-ओठ खात होते, खारीला त्यांना हसू फुटलं, आणि शेवटच्या वाक्याला ते उठून खिडकीशी गेले, मान वर करून टाकीकडं बघू लागले.

सकाळी टाकीखाली माणसं जमली. आनंदराव धोतराचा काचा मारून शिडी चढत होते. वर पोचले, आत डोकावले, बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग खाली आले. सगळ्यात पुढं सगुणा उभी होती. आनंदरावांनी तोंड उघडलं आणि नेमका 'प' आला. गाडी चिखलात. प... प...

मंडळी, शेपाचशे माणूस. एकही हसला नाही. एकानंही मान खाली घातली नाही. नुसते थांबले. माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतात, तसे थांबले.

"पाणी बंद करा," आनंदराव म्हणाले. "आजच धुवायची."

टाकी धुतली. झाकण बसलं. पोर महिन्याभरानं उठून अंगणात आली.

तर मग सांगा, मोठं कोण? जगदेव की ताई? न्हाव्याच्या दुकानात अजून भांडण चालू आहे म्हणतात. चालू दे! निवेदकांची तुलना जरूर करा, पण काटा हशावर ठेवू नका. चुकलेल्या कारभाऱ्याला हसणं पुण्यच आहे, पण ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाचं काम होईपर्यंत. काम विसरून नुसतं माणसालाच हसलात, की पुण्य संपलं. टीव्हीवर बसलेला चुकेलही, चूक कळल्यावर परत येईलही, जगदेवसारखा. पण गर्दीतला तो हात खाली कुणी ओढला? जगदेवनं नाही, ताईंनी नाही, आनंदरावांनीसुद्धा नाही. ती शेजारीण होती. चांगल्या मनाची, डोळे पुसणारी. तुमच्या-माझ्यासारखी.

म्हणून आज घरी जाताना एवढं करा. देवाला नमस्कार कराल, तो आहेच. पण पुढच्या वेळी टीव्हीपुढं पोट धरून हसाल, किंवा कुणाची दया येऊन डोळे पुसाल, तेव्हा घटकाभर सगुणाची आठवण ठेवा. तिला अजून काहीतरी विचारायचं असेल.