साखरेची वही

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीबाहेर दोन जावा बसलेल्या. धाकटीला मधुमेह. कालच बाळंत झाली. सव्वाचार किलोचं बाळ, पण जन्मताच त्याची साखर घसरली, म्हणून आत काचेच्या पेटीत. थोरलीला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालेलं.

“ताई, डॉक्टर म्हणाल्या, आईची साखर चढलेली असली की बाळाची अशी घसरते. पण माझ्या रोजच्या साखरेच्या वहीत तर आकडे छान दिसतायत म्हणे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“नुसती मान हलवली.”

“तरी मी सांगत होते, स्वतःचं बोट टोच.”

“सांगत होतात आणि आपलंच बोट पुढे करत होतात!”

“आकडा वाढला तर इन्सुलिन टोचतील या धाकानं तू रडायचीस गं. मला वाटलं, एक थेंब रक्त, कुणाचं काय जातंय?”

“घरी कळलं तर?”

“मला दारात उभं करणार नाहीत.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“बाळाची आई कोण? वहीतले आकडे खरे आहेत ना?”

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली उठली.

“आकडे खरे आहेत, सिस्टर. पण माझ्या साखरेचे. हिची घरी कधी मोजलीच नाही.”

अख्खं बाकडं तिच्याकडे वळून बघायला लागलं. खरं सांग, तू असतीस तर उठली असतीस?