हसेल त्याने चहा आणायचा

दाढ उपटून घ्यायला आलेल्या शिंपीण मावशींना दवाखान्यात फुकट मिळण्यासारखं एकच होतं, शेजारी बसलेल्या दीर-भावजयीचं बोलणं. ते त्यांनी कान टवकारून घेतलं.

“भावजी, ‘त्रैराशिक भक्ती’ म्हणजे काय, सांगा.”

“वहिनी, असे शब्द जुळवायचा दादाचा खेळ दादाबरोबर गेला.”

“एका दिव्यानं एक रोगी बरा होतो, तर शंभर दिव्यांनी किती?”

“मी हसणार नाही. हसेल त्यानं चहा आणायचा, तुमचा दोघांचा नियम ठाऊक आहे मला.”

“साथीत त्यांनी बंद दाराआडून शेवटचा शब्द सांगितला. मी उशीत तोंड खुपसलं.”

“रडलात?”

“हसू दाबलं. म्हटलं, बरे होऊन बाहेर आले की समोर हसेन आणि चहा करीन. त्या शब्दावर अजून कुणीच हसलेलं नाही, भावजी.”

“कोणता शब्द?”

“त्या विषाणूला म्हणाले, ‘गुणाकारबाबा’. एकाचे दोन भक्त, दोनाचे चार, आणि दर्शन मात्र कुणालाच नाही.”

दीर हसला नाही. मावशी मात्र सुजलेला गाल दाबून खुदकन हसल्या. वहिनी वळून त्यांच्याकडे बघतच राहिली.

मावशी उठल्या, कोपऱ्यातल्या यंत्रातून चहा घेऊन आल्या आणि पेला तिच्या हातात ठेवला.

“नियम म्हणजे नियम, बाई.”

शब्द नवऱ्याचा होता, हसायचं वहिनीचं राहिलं होतं, आणि चहाचा भुर्दंड पडला मावशींना.