साळवे साहेबांचा मोडलेला हात

वहिनी, साळवे साहेबांच्या दोन्ही मुली, आणि समाजमंदिरात जमलेली सगळी मंडळी.

आजच्या बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी मागून घेतलं. बोलायची सवय मला आहे, लग्नात माईक माझ्याच हातात असतो. पण आजचं बोलणं वेगळं आहे. मधे थांबलो तर थोडं थांबू द्या. खाली बसवू नका.

तुम्ही मला ओळखता. मी दत्तू. तिसगावच्या रस्त्याला मंगल कार्यालय आहे, त्याचा मालक. साळवे साहेब गेल्या आठवड्यात हृदयविकारानं गेले. आत्तापर्यंत सगळे त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलले. मी त्यांच्या हाताबद्दल बोलणार आहे. डावा हात. कोपराखाली वाकडा होता, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मोटारसायकलवरून पडलो, असं ते सांगायचे.

ते पडले नव्हते. तो हात मी मोडला.

ऐकून घ्या. बसा, मंडळी. सगळं सांगतो.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. कार्यालय नवं बांधलं होतं. आठ दिवसांवर पहिलं लग्न. विजेच्या कामाच्या तपासणीच्या कागदावर सही पाहिजे होती, म्हणून साळवे साहेबांना बोलावलं. त्यांनी आवारात लांब लांब दोन सळया ठोकल्या, वायरी जोडल्या, आणि यंत्राचं हँडल फिरवायला लागले. अर्थिंग मोजत होते. म्हणजे काय, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. एखाद्या पंख्याच्या, मोटरीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत जायला वाट पाहिजे. वाट मोकळी असेल तर आकडा लहान येतो. वाट बंद असेल तर आकडा मोठा येतो, आणि मग वीज माणसातून जाते.

आकडा आला साठ ओहम. पाचाच्या आत पाहिजे होता.

आपली जमीन कशी आहे तुम्हाला माहीत आहे. मुरूम, आणि त्यात मे महिना. वर मी अर्थिंगचा खड्डाही उथळ घ्यायला लावला होता. मी म्हणालो, साहेब, खड्ड्यात चार बादल्या पाणी ओततो, मग मोजा. त्यांनी विचारलं, वऱ्हाड जेवायला बसल्यावर पाणी ओतत कोण बसणार? मी म्हणालो, साठाच्या जागी चार लिहा. ते म्हणाले, लिहिणार नाही.

मी त्यांच्या तोंडात मारली.

माझा भाऊ सोपान तिथं होता. त्यानं साहेबांना मागून धरलं. मी त्यांचं यंत्र उचलून फरशीवर आपटलं. जातीवरून शिव्या दिल्या. त्या इथं उच्चारणार नाही, पण दिल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सोपाननं सोडल्यावर त्यांनी तुटलेलं यंत्र गोळा करायला हात पुढं केला. मी फावड्याचा दांडा घेतला आणि त्या हातावर घातला. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळी आवाज आला, तेव्हा थांबलो.

ते ओरडले नाहीत. तोंडातून रक्त येत होतं. ते म्हणाले, "मला मारून जमीन ओली होत न्हाई. आकडा साठच हाय."

आणि चालत गेले.

सही मी दुसऱ्याची मिळवली. लग्न ठरल्या दिवशी लागलं. नवरीचा बाप साळवे साहेबांचा जुना मित्र, म्हणून साहेब आले होते. हाताला प्लास्टर. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

जेवणावळीच्या वेळी सोपाननं कूलर सरकवायला त्याच्या पत्र्याला हात लावला. आतल्या पंपाची वायर सोललेली होती. वीज पत्र्यात उतरली होती आणि जमिनीत जायला वाट नव्हती. सोपानची मूठ पत्र्याला आवळली. सगळं अंग थडथड उडत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, जळलेल्या कातड्याचा वास येत होता. नवरीचा भाऊ त्याला ओढायला धावला. साळवे साहेबांनी त्या पोराला लाथ घालून बाजूला पाडलं. हात लावला असता तर तोही चिकटला असता. साहेब मला म्हणाले, मेन स्विच बंद करा. स्विचच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती, आणि माझा हात खिशात जाईना. मी नुसता उभा. सख्खा भाऊ समोर जळत होता आणि मी उभा.

साहेबांनी मांडवाचा वासा उपसला. एका हातानं. सोपानच्या मनगटावर घातला. दुसऱ्यांदा घातला. हाड मोडलं, मूठ सुटली, सोपान लांब जाऊन पडला. मग साहेब त्याच्या छातीपाशी बसले आणि त्याच एका हातानं छाती दाबत राहिले, तो श्वास घेईपर्यंत.

सोपान आज इथं बसलाय. त्याची दोन बोटं गेली. जीव राहिला.

लोकहो, माझ्या जागी तुम्ही असता तर त्याच दिवशी पाय धरले असते ना? मी नाही धरले. मला लाज वाटली, आणि लाजेचाही मला राग आला.

चार दिवसांनी साहेब स्वतःहून कार्यालयात आले. दुसऱ्याचं यंत्र मागून आणलं होतं. मला वाटलं, माफ केलं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं. म्हणाले, "माफ करायला आलो न्हाई. पुढच्या लग्नाला लोक येनार हायेत, म्हनून आलो. हँडल तुमी फिरवा. माजा हात तुमी मोडलाय."

मी फिरवलं. त्यांनी सांगितलं तिथं दोन नवे खोल खड्डे घेतले, मीठ-कोळसा भरला. आकडा चारवर आला, तेव्हा त्यांनी सही केली.

त्यानंतर दर मे महिन्यात ते यायचे. मोजायचे, चहा घ्यायचे, जायचे. एका वर्षी मी धीर केला. म्हणालो, साहेब, त्या दिवशी माझ्याकडून... त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? मला म्हाईत हाय. गावासमोर बोलायची तयारी झाली, तर बोला."

तयारी झाली नाही. दरवर्षी ते यायचे आणि दरवर्षी मी चहा सांगायचो. आज तयारी झाली, तेव्हा ऐकायला ते नाहीत.

काल मी वहिनींकडं गेलो. विचारलं, बोलू का? वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच केस करा म्हणत होते. पोरींची शिक्षणं चालली होती, गावात राहायचं होतं, म्हणून त्यांनी तोंड मिटलं. त्याचा राग माझ्या मनात आजही आहे. तुमच्यावर आहे, त्यांच्यावरही आहे. बोलायचं तर पूर्ण बोला."

वहिनी, पूर्ण बोललो. सोपानला विचारा, काही राहिलं असेल तर तो सांगेल. इथं दोन-तीनशे माणसं साक्षीला आहेत. उद्या तुम्ही तक्रार द्यायला निघालात, तर मी हाच जबाब देईन आणि फिरवणार नाही. नाही निघालात, तरी मोटारसायकलवरून पडले असं या गावात कुणी म्हणू नये.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं. त्याआधी साहेबांना निरोपाचा शब्द द्यायचा आहे. इतकी वर्षं ते दारात आले, की मी राम राम म्हणायचो. त्यांच्या घरचा शब्द मला माहीत होता. तो माझ्या तोंडातून कधी निघाला नाही.

जय भीम, साळवे साहेब.