किटलीचं काय झालं, सांगू का?

...आणि वर मलाच बोल लावतात! "लिफ्ट बंद पडली, जीव टांगणीला लागला, आणि ही बया वाचत बसली!" अहो, मग काय करायला हवं होतं मी? लिफ्ट खांद्यावर घेऊन उतरायचं होतं? दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली, दार उघडत नाही, फोनला रेंज नाही, हातात आठवा खंड... आणि समोर आत्या! तुम्हीच सांगा, यातल्या कशाकडे बघावं माणसानं?

नाही, थांबा. आठवा खंड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या बाबांसारखे म्हणाल, "ती चित्रांची पुस्तकं होय!" चित्रांची पुस्तकं! जसं काही मी ससा आणि बदक रंगवत बसलेय! अहो, विज्ञानकथांची ब्रिटिश कॉमिक्स आहेत ती. पूर्वी तिकडे दर आठवड्याला अंक निघायचा, अगदी स्वस्तातल्या कागदावर, आणि एका अंकात एका गोष्टीची पानं किती? सहा. फक्त सहा! आणि सहाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी लोंबकळत असणार, नाहीतर दार उघडणार आणि दारात... संपलं! आता पुढच्या आठवड्यात! त्या बिचाऱ्या वाचकांनी नखं खाऊन खाऊन बोटं संपवली असतील. आता तेच अंक एकत्र करून जाडजूड खंड काढलेत, आणि तुम्हाला सांगते, या खंडांइतकी दुष्ट वस्तू माणसानं बनवलेली नाही. कारण मधला आठवडाच गेला ना! पान उलटलं की पुढचा आठवडा! म्हणजे आपण आपलं प्रामाणिकपणे ठरवतो, एवढं वाचते आणि उठते. सहाच पानं! सहा पानांनी काय होतंय?

काय होतंय ते आमच्या आईला विचारा. "अगं, दुधाकडे बघ जरा!" "हो, सहाच पानं!" दूध ओट्यावरून खाली, खालून फ्रिजखाली. "अगं, दार वाजतंय!" "सहाच पानं!" कुरिअरवाला आला तसा गेला. आंघोळीचं पाणी तापवलं, गार झालं, परत तापवलं, परत गार झालं, तेव्हा आई म्हणाली, "आता त्यात ते पुस्तकच घाल, निदान ते तरी स्वच्छ होईल." आणि खरंच हो, अख्खा आठवडा मी त्या खोलीत जी अडकले, ती अडकलेच. दार बाहेरून कोणी लावलेलं नव्हतं, कडी आतून माझीच, पण बाहेर कशी येणार? प्रत्येक सहाव्या पानाला कोणीतरी लोंबकळतंय! त्याला तसंच सोडून मी जेवायला बसू?

आणि गोष्ट कसली म्हणाल, तर कचऱ्याच्या गाडीची! हो! एरवी अंतराळ म्हटलं की कसं चकचकीत जहाज, दणकट नायक, छातीवर बिल्ला. इथे काय, तर ग्रहाग्रहांवरचा कचरा गोळा करणारं एक खटारा जहाज, आणि त्याची पन्नाशीतली कप्तानीणबाई, जिचे गुडघे दुखतात. ज्या ग्रहावर उतरेल तिथे पाऊस. आठ हातांचे राक्षस येतात, पण तेसुद्धा रांगेत उभे राहतात! एकदा ही बाई अख्खी आकाशगंगा वाचवते, तर तिला बक्षीस काय? जहाज चुकीच्या जागी उभं केलं म्हणून दंड! मी एवढ्यानं हसले, की बाबा बाहेरून ओरडले, "कॉलेजात असताना पुस्तक वाचून कधी अशी खिदळली नाहीस ती!" बाबा, कॉलेजच्या पुस्तकात राक्षस रांगेत उभे नव्हते ना!

आणि त्या जहाजावर असते किटली. म्हणजे आहे यंत्रमानवच, पण जुना, गोलमटोल, पुढे तोटी, डोक्यावर झाकण, काम काय तर चहा करणं. म्हणून सगळे त्याला किटली म्हणतात. चहा पाणचट, तोंड फटकळ, कप्तानिणीला उठता बसता टोमणे. पण सातव्या खंडाच्या शेवटी काय होतं... कचरा चिरडणारा तो भलामोठा जबडा बंद होत येतो, कप्तानिणीचा पाय आत अडकलेला, आणि ही एवढीशी किटली गडगडत जाते आणि त्या जबड्यात स्वतःला आडवी घालते! झाकण उडालं, पत्रा चेपला, तोटीतून वाफेचा शेवटचा झोत, आणि म्हणते, "बाई, चहा आज जरा उशिरा मिळेल..." खंड समाप्त! मी रडले हो. एका किटलीसाठी! आई म्हणाली, "आत्याच्या ऑपरेशनला सुद्धा रडली नव्हतीस." आता ते ऑपरेशन होतं दाढेचं, पण ते जाऊ दे.

तर आठव्या खंडात कळणार, किटली वाचली की गेली. आणि आठही खंड त्याच दिवशी ग्रंथालयात परत द्यायचे होते, कारण कोणीतरी पुढे नंबर लावून बसलेला. ग्रंथपालबाई म्हणजे काय, एक दिवसही वाढवून देणार नाहीत, "नियम सर्वांना सारखे," की संपलं. म्हणून मी बेत केला, सकाळीच जायचं, तिथल्या वाचनकक्षात कोपरा पकडायचा, आठवा खंड संपवायचा आणि मगच सगळे त्यांच्या टेबलावर ठेवायचे. पिशवी भरली, चपला घातल्या, दार उघडलं, आणि दारात... आत्या! बघा, आयुष्यातसुद्धा शेवटची चौकट अशीच असते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एक मुलगा घेऊन आली होती. म्हणजे बरोबर नव्हता, फोटोत होता. पुलांचे आराखडे काढतो म्हणे. मी म्हटलं, "आत्या, मला पुढे शिकायचंय, तुला हजारदा सांगितलंय." तर म्हणते, "शिक की! पूल काय, शाळेच्या आड येतो का? चल, मीही खाली येते, लिफ्टमध्ये बोलू."

लिफ्टमध्ये बोलू! तिच्या तोंडात साखर पडो! चौथ्या मजल्यावरून निघालो, तिसरा गेला, आणि मग असा एक गचका, एक कण्हल्यासारखा आवाज, पंखा बंद, दिवा बंद, कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा चालू... आणि आम्ही जागच्या जागी. आत्यानं सगळी बटणं दाबली. एकदा नाही, पेटी वाजवावी तशी. वरून वॉचमनचा आवाज आला, "घाबरू नका! मेकॅनिकला फोन केलाय! ताई, तुमच्याबरोबर आजी आहेत ना?" "आजी कोणाला म्हणतोस रे!" आत्या अशी कडाडली, की मला वाटलं लिफ्ट उरलेले दोन मजले तशीच खाली जाणार.

मग आत्याचे गुडघे दुखायला लागले. बसायला काही नाही. तर माझी पिशवी ओढली, एकावर एक खंड रचले आणि त्यावर बसली! अख्खी आकाशगंगा आत्याच्या बुडाखाली! मी कसाबसा आठवा तेवढा ओढून काढला, त्या पिवळ्या दिव्याखाली धरला आणि म्हटलं, मेकॅनिक येईपर्यंत काय, सहाच पानं... सहा पानांनी काय होतंय!

दीड पान झालं असेल. "इथे मला धाप लागलीये, आणि तू वाचतेस? बघू, एवढं काय सोनं लागलंय त्याला!" खस्सकन ओढलं पुस्तक हातातून, आणि मी परत घ्यायला झडप घातली. कारण आमची आत्या कुठलंही पुस्तक कुठून वाचते माहितीये? शेवटच्या पानापासून! रहस्यकथा असली तरी! आधी खुनी बघून घेते आणि मग सुखानं वाचत बसते. "शेवट कळला की कसं, जिवाला घोर नाही." सिनेमाला गेली तर शेजारच्याला विचारते, "शेवटी भेटतात ना हो?" आणि हेच तिचं माझ्या बाबतीत! मी अजून पहिल्या प्रकरणात चाचपडतेय, आणि हिला माझं शेवटचं पान आत्ता, उभ्या उभ्या, लिफ्टमध्ये बघायचंय!

"आत्या, मागून नको! आत्या, हात जोडते..." उघडलं तिनं. चष्मा वर केला. बघितलं. आणि तोंडावर हात! "अगं बाई गं... बिचारी!"

"कोण बिचारी?"

"ही किटली गं. हिचं शेवटी असं..."

"गप्प! एक अक्षर बोलू नकोस!"

मी दोन्ही कानांत बोटं घातली. आणि आत्या बघतच राहिली माझ्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना... सात खंडांत कुठल्याही आठ हातांच्या राक्षसाच्या चेहऱ्यावर मी तसलं हसू पाहिलेलं नाही. पुस्तक मिटलं, पदराखाली घेतलं, त्या सात खंडांच्या सिंहासनावर नीट सावरून बसली आणि म्हणाली, "रविवारी पाच वाजता. त्या मुलाला भेट. नाहीतर सांगते, किटलीचं काय झालं."

"हा अन्याय आहे!"

"किटलीच्या ना..."

मी जोरात गाणं म्हणायला लागले. सूर नाही, शब्द नाही, नुसतं लालालाला! वॉचमन वरून ओरडला, "ताई, आजींना काही झालं का?" आत्या त्याही अवस्थेत ओरडली, "आजी नाही म्हटलं ना!" आणि मग माझ्याकडे वळून, गाण्याच्या वरच्या पट्टीत, "त्या झाकणाच्या जागी ना..." आता मला सांगा, कुठे जाणार होते मी? एवढीशी लिफ्ट! भिंत सरकते का? कान काढून पिशवीत ठेवता येतात का? आठवडाभर जिच्यासाठी जेवले नाही, धड झोपले नाही, त्या किटलीचं मरण मी आत्याच्या तोंडून ऐकू? तेही झाकणासकट?

"भेटते! भेटते! बोलू नकोस, भेटते!"

आणि त्याच क्षणी... त्याच क्षणी हो! लिफ्ट सुरू झाली! दिवा लागला, पंखा फिरला, अलगद खाली आली, जसं काही झालंच नाही! दोन मिनिटं आधी सुरू झाली असती तर काय बिघडलं असतं? मेकॅनिकनं दार उघडलं. समोर काय दिसलं असेल त्याला? एक बाई पुस्तकांच्या ढिगावर महाराणीसारखी बसलेली, आणि एक मुलगी कानांत बोटं घालून कोपऱ्यात. तो दबकत म्हणाला, "आतून काही... धोका नाही ना?" मी म्हटलं, "होता. झाला."

धावत सुटले ग्रंथालयात. कोपरा पकडला, आठवा खंड उघडला, आणि वाचला, बंद होण्याची घंटा वाजेपर्यंत, एका दमात. किटलीचं काय झालं? सांगणार नाही! मी काय आत्या आहे? वाचा की स्वतः, इतका छान शेवट आहे, इतका छान... पण तो संपला, तरी पुढे पानं होती! मी उलटते तर जुन्या अंकांची मुखपृष्ठं. मग चित्रकाराची कच्ची रेखाटनं. अशा खंडांत शेवटी भरतात ते सगळं. आणि अगदी शेवटच्या पानावर काय? सुट्टीच्या कुठल्याशा विशेषांकातला एक पानभर विनोद! कप्तानीणबाई किटलीचं झाकण काढून तिच्यात फुलांचं रोप लावते, आणि किटली म्हणते, "निदान पाणी तरी गरम घाल!" विनोद! गोष्टीशी काडीचा संबंध नाही! म्हणजे आत्याला काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं! मी एका कुंडीसाठी शरण गेले होते!

पायरीवरूनच फोन लावला. "आत्या, तो शेवट नव्हताच! तुला काही कळलेलंच नाही! रविवार रद्द!"

तर म्हणते, "अगं, मग वाचली का गं ती?"

"सांगणार नाही!"

"नको सांगूस. मी आणीन ते पुस्तक. पण शब्द दिलास तो दिलास. मी मुलाकडे कळवून बसले. आणि एवढा कसला गं त्रागा? जायचं, बसायचं, नाही आवडला तर उठायचं. सहाच मिनिटं! सहा मिनिटांनी काय होतंय?"

तुम्हाला सांगते, फोन तसाच कानाला लावून मी पायरीवर खाली बसले. माझंच वाक्य! माझ्याच तोंडून ऐकून, माझ्याच अंगावर! आणि मला अगदी पक्कं माहीत आहे, मला पुढे शिकायचंय, मला पूल नकोत, रविवारी सहाव्या मिनिटाला मी ताडकन उठणार आहे...

पण सहाव्या पानाला तरी मी उठणारच होते की हो!