आत माझी लेक आहे

नाही नाही, बसा तुम्ही, माझं म्हाताऱ्याचं काय — दिवसभर बसूनच असतो. बायको आत गेली ना तुमची? लागतो वेळ. माझी लेक आहे आत. जावई बाहेरगावी कामाला, म्हणून मी आलो. रक्ताचा रिपोर्ट आहे आज — दिवस राहिलेत की नाही, तेवढंच कळायचं.

ती ना, गाडी शिकवते लोकांना. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा, पण ही आपली निवांत — समोरून ट्रक आला तरी म्हणणार, हं, आता सावकाश ब्रेक. कशालाच भ्यायची नाही. एकाच गोष्टीला भ्यायची. लग्न झालं तशा मूल न होण्याच्या गोळ्या सुरू केल्या, त्या दहा-बारा वर्षं घेतल्या. जावई चांगला, एका शब्दानं बोलला नाही. मग त्याच्या बहिणीचं बाळ महिनाभर यांच्याकडे राहिलं, आणि ते गेलं तशा हिनं गोळ्या बंद केल्या. मला फोन — बाबा, बंद केल्या. बापाला सांगायची गोष्ट आहे का ही? पण आई नाही, मग सांगणार कुणाला.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मला वाटलं, इतके दिवस बंद होतं, आता बटण दाबलं की चालू. तिलाही तसंच वाटलं. कुठलं काय, तिसरं वर्ष चाललंय. गोळ्यांनी झालं का, म्हणून रडून विचारलं हो तिनं — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांचा दोष नाही, वय थोडं पुढं गेलंय, आणि कधीकधी कारण सापडतच नाही. मध्ये एकदा राहिलं होतं. दोन महिने पुरते झाले नाहीत तोच गेलं. मी जाऊन राहिलो तिच्याकडे — ती भिंतीकडे तोंड करून पडायची, अन् मी केलेल्यातले चार घास खाऊन म्हणायची, बाबा, मीठ विसरलात.

भीती कसली? तिची आई बाळंतपणात गेली ना. दुसऱ्या खेपेला. ही एवढीशी, अशाच बाकावर माझ्या मांडीवर झोपलेली, आणि आतून — बाळही नाही राहिलं. तुम्हाला सांगू नये हे, तुमची बायको आत आहे. आता तसं नसतं हो, आता खूप सुधारलंय सगळं. मनाला लावून घेऊ नका.

पण खरं सांगू? दर महिन्याला फोन येतो — नाही बाबा, या वेळीही नाही. रडते. मी म्हणतो, होईल गं. अन् फोन ठेवला की मला — बरं वाटतं. सुटल्यासारखं वाटतं. असा कुठे बाप असतो का? पोटात तुटतं तिच्यासाठी, आणि तरी निवांत झोप लागते ती त्याच दिवशी. आत्ताही इथं उभ्या उभ्या मी काय मागतोय, ते माझं मलाच —

आली. तिकडे बघू नका. कागद पर्समध्ये कोंबतेय, म्हणजे — मान हलवली. नाही म्हणतेय. नाही.

फोनवर चेहरा दिसत नाही हो माणसाचा.

मी बोललो ते तुमच्यापाशीच ठेवा. आणि जरा सरकता का — नाही, उठाच तुम्ही. तिला बसू द्या. ये गं.