दोन महिने, चार दिस

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळी सालची गोष्ट. विशाखा सोनकांबळे तंबाखूच्या व्यसनाच्या पाहणीसाठी गावोगाव हिंडायची. त्या सकाळी उदगीरच्या एसटी स्टँडवर तिच्याच बाकावर व्यंकटी आणि पारूबाई हे नवराबायको बसले होते. सासरी बाळंत झालेली त्यांची लेक आज बाळ घेऊन येणार होती.

“अवं, खिसा कशाला चाचपताय?”

“सवय गं. आत फुटाणेच हायती.”

“बिडी सोडून दोन महिने झाले की.”

“दोन महिने, चार दिस.”

“बिडी सुटल्याबगर बाळ आणणार न्हाई, असं लेक म्हनली, तवा सुटली. मी तीस वर्षं खोकले, तवा का न्हाई सोडलीत?”

“तू बोलली व्हतीस का कधी?”

“खोकत व्हते की! डाक्टरीण म्हनली, बिडी मालक वढतात, पर धूर तुमीबी गिळता.”

“आता येतो का खोकला?”

“कुठला! शेजारीण इचारत आली, पारूबाई गावाला गेली का, घरातनं आवाजच न्हाई!”

विशाखानं हसू दाबलं. तेवढ्यात लातूरची गाडी धुरळा उडवत आली. लेक उतरली. तिनं आधी बापाच्या सदऱ्याचा वास घेतला आणि मग हसून बाळ त्याच्या हातात दिलं.

व्यंकटीनं बाळाच्या टाळूला नाक लावलं.

“पारू, लई ग्वाड वास हाय गं! आपल्या लेकरांचा असा येत न्हवता.”

“येत व्हता. तुमालाच कळत न्हवता.”