बर्फाचं गाऱ्हाणं

(पेडण्यातलं पार्से गाव. जानेवारीतली दुपार. देवळाच्या चौकात चंद्रावती आणि देवीला गाऱ्हाणं घालणारा घाडी जयराम. चंद्रावतीच्या हातातल्या फोनवर ऑस्ट्रियातून तिचा मुलगा परेश.)

चंद्रावती: ...आणि मी म्हणतंय, ज्या गावात बर्फाक वेळेर पडूंक येणा नाय, त्या गावात माझो पोर कशाक?

परेश: आई, दरवर्षी पडतो गं. चांगला गुडघाभर. ह्याच वर्षी नाही. जानेवारीत बारा डिग्री! लोक डोक्याला हात लावून बसलेत.

चंद्रावती: बारा? हंय एकतीस आसा. काजीचो मोहर करपलो, आंब्याक तर अजून मोहरच नाय. आमी बसलंव काय डोक्याक हात लावन?

जयराम: वयनी, मुद्द्यावर या. देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, सकाळी लावायचा असतो. तुमच्या पोरासाठी मी दुपारचं देऊळ उघडलंय. बोल रे परेश, अर्जदाराचं म्हणणं काय?

परेश: जयरामकाका, मी इथं डोंगरावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात आहे. तीन वर्षं बटाटे सोलतोय. मंगळवारी स्की शिकवणाऱ्यांची परीक्षा आहे. पास झालो तर बटाटे सुटले, मग दिवसभर बाहेर बर्फावर लोकांना शिकवायचं. पण उद्यापर्यंत बर्फ पडला नाही तर परीक्षा रद्द. आणि हेल्गाबाई, आमची मालकीण, हॉटेलला कुलूप घालणार. मग मला घरी यावं लागेल.

चंद्रावती: आयकलात? घराक 'यावं लागेल' म्हणता! पुण्याच्या होटेलात चार वर्सां रवलो तेवा भाषा बदलली. आता घराक येवचा म्हणजे शिक्षा झाली तेका.

परेश: तसं नाही गं आई.

जयराम: थांबा. स्की म्हणजे नेमकं काय, ते देवीला सांगावं लागेल. तिला मोघम चालत नाही.

परेश: पायाला लांब फळ्या बांधायच्या. तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं.

जयराम: वर काय आहे? देऊळ?

परेश: काही नाही.

जयराम: मग?

परेश: मग घसरत खाली यायचं.

जयराम: आणि?

परेश: परत वर जायचं.

जयराम: देवा रे! कुणी सांगितलंय?

परेश: आवडतं म्हणून, काका. लांबलांबून येतात लोक.

चंद्रावती: तुझ्या भैणीचो घोव आमोण्याक खाणीचो ट्रक घेवन दिवसातून दहा खेपो वर-खाली करता. तेका बघूंक कोण येणा नाय.

जयराम: बरं, आता अडचण ऐका. आपल्या देवीची हद्द ह्या अंगाला तुयेंच्या शिवेपर्यंत, त्या अंगाला नदीपर्यंत. बाबलीचा रेडा धारगळला हरवला, तेव्हा देवीनं सरळ हात वर केले. ऑस्ट्रिया तर धारगळच्याही पलीकडे.

परेश: बराच पलीकडे, काका.

जयराम: तीस वर्षं मी पंचायतीत शिपाई होतो. हद्दीबाहेरचा अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत कधी जाऊ दिला नाही. तुझा विषय तिथल्या ग्रामदेवतेचा आहे.

चंद्रावती: परेशा, थंय देव कोण?

परेश: चर्च आहे. मेरीची इगर्ज.

चंद्रावती: सायबीण! मगे झाला की वो, जयरामभाऊ! म्हापशाची मिलाग्रीस सायबीण म्हणजे आमच्या शिरगावच्या लईराईची भैण. सात भैणी त्या. ऑस्ट्रियाची सायबीण त्याच घराण्यातली कोणतरी आसतली. आपली देवी तिका सांगतली. भैणी-भैणींत खंयची हद्द आणि खंयची शीम?

जयराम: तोंडी निरोपाला हद्द नसते, हे मात्र खरं. पंचायतीतसुद्धा तोंडी सगळं चालायचं. बरं तर, देवीच्या अंगावर कौलाच्या पाकळ्या लावतो.

परेश: आई, फोन जरा देवीकडे कर ना.

चंद्रावती: बघ. हात जोड. आणि ती टोपी काढ आधी.

परेश: हेल्मेट आहे ते.

चंद्रावती: बर्फ नाय तर हेल्मेट कशाक?

परेश: गाईंमुळे.

जयराम: कुठल्या गाई?

परेश: डोंगरावर गवत उगवलंय काका, हिरवंगार. शेतकऱ्यांनी गाई सोडल्यात. मधोमध मशीननं केलेल्या बर्फाचा एक पट्टा उरलाय, धोतर वाळत घातल्यासारखा. सगळे त्याच पट्ट्यावरून घसरतात. काल एक जर्मन पाहुणा वळायला गेला आणि थेट गाईवर आदळला.

जयराम: दूध किती देते?

परेश: काका, त्या जर्मनाचा खांदा...

जयराम: तो बरा होईल. गाय दूध किती देते?

परेश: तीस लिटर. दिवसाला.

जयराम: तीस लिटर दूध, जानेवारीत हिरवं गवत, आणि ह्यांना बर्फ पाहिजे! असो. अर्जदाराची मर्जी. होय म्हणायला चुकू नका. हे माझ्या पार्सेच्या माये, बारा वाड्यांच्या धनिणी! आज तुझा ह्या लेकरू साता समुद्रापलीकडे ऑस्ट्रिया मुक्कामी, पायाक फळ्यो बांधून उभा आसा, गो म्हाराजा!

चंद्रावती आणि परेश: होय म्हाराजा!

जयराम: तेच्या पायाखाली बर्फ नाय, चिखल आसा. बर्फ करूचा मशीन आसा, पण मशीनाक लागता ती थंडी नाय, गो म्हाराजा!

चंद्रावती आणि परेश: होय म्हाराजा!

परेश: पाहुण्यांचंही घाला काका. अंगावर कपडे नाहीत, उन्हात खुर्च्या टाकून बिअर पितायत.

जयराम: पाव्हणे मोरजीच्या दर्याकाठार पडल्यासारखे उघडे पडलेत, गो म्हाराजा!

परेश: आणि एक म्हातारा. चाळीस वर्षं येतो. रोज सकाळी फळ्या बांधून हॉटेलच्या गालिच्यावरून चालतो. जेवणघरापर्यंत जातो आणि परत येतो.

जयराम: त्या म्हाताऱ्याक तरी बघ, गो म्हाराजा!

चंद्रावती: होय म्हाराजा! अरेरे. बायल नाय तेका?

जयराम: वयनी, गाऱ्हाण्याच्या मध्ये चौकशी नको. तर माये, ह्या तुझ्या भैणीच्या कानार घाल, आणि मंगळवारच्या आधी तेच्या डोंगरार बर्फ पाड. किती रे?

परेश: पन्नास सेंटिमीटर.

जयराम: पन्नास सेंटिमीटर पाड! पाडतलंस तर उजवी पाकळी दे, पाडणार नसशीत तर डावी दे, आणि लेकराक मोकळा कर, गो म्हाराजा!

चंद्रावती आणि परेश: होय म्हाराजा!

परेश: काय झालं? पडली का पाकळी? नेट गेलं?

चंद्रावती: पडणा नाय रे. उजवी नाय आणि डावीय नाय.

जयराम: अडली. पाकळी अडली म्हणजे ह्याच कामावर आधीचा एक अर्ज आत पडलेला आहे. उलट मागणीचा. तो निकालात निघाल्याशिवाय देवी दुसऱ्याला हात लावत नाही.

परेश: उलट? म्हणजे बर्फ पडू नये असं कुणी मागितलं? इथल्या गाईवाल्यांनी मागितलं असतं तर समजलं असतं. पण पार्सेत?

चंद्रावती: पंखो लावा वो कोणतरी. उकाडो किती तो.

जयराम: वयनी, वाऱ्यानं पाडलेली पाकळी धरत नाहीत.

चंद्रावती: माका उकाडता म्हणान सांगलंय.

जयराम: वयनी, जत्रेच्या दिवशी तुम्ही ह्या खांबापाशी पाऊण तास डोळे मिटून उभ्या होतात. मागं शंभर माणसांची रांग. गुडघे दुखतात म्हणून कुणी पाऊण तास मागत नाही.

परेश: आई?

चंद्रावती: मी बर्फाचा नाव घेवंक नाय! शपथ! मी इतक्याच म्हटलंय, ह्या शिगम्याक माझो पोर घरात आसूं दे. कसो आणूचो ता देवीन ठरवचा. आता तिणा सगळ्या ऑस्ट्रियाचो बर्फ वितळवल्यान, तेका मी काय करू?

परेश: आई! चारशे लोक हात चोळत बसलेत इथं! पाळणेवाले, फळ्या भाड्यानं देणारे, शिकवणारे! सगळ्यांचा हंगाम बुडाला!

चंद्रावती: चारशांचा माका काय ठावक? मी एकट्याक बोलावलंय!

जयराम: एवढा मोठा निकाल आपल्या देवळात पहिल्यांदाच लागला. मानलं पाहिजे देवीला.

परेश: काका, तुम्ही गप्प बसा हो. आई, पण का? मी सुखात आहे इथं.

चंद्रावती: सुखात? तू धाडललो तो व्हिडिओ मी शेजारच्या सुलोचनाक दाखवलंय. मोठ्या कवतिकान दाखवलंय. दोन पावला गेलंस आणि आडवो. उठलंस आणि परत आडवो. मागसून लोक हसतत. सुलोचनाय हसली. मी त्या दिवशी जेवंक नाय. माझ्या पोराक थंय उचलूंक कोण नाय आणि हसूंक सगळो गाव!

परेश: अगं, ते पहिल्या वर्षाचं. आता नाही पडत. म्हणजे पडतो, पण कमी. आई, ऐक ना. दिवसभर बटाटे सोलतो ना मी, तेव्हा खिडकीतून तो एकच डोंगर दिसतो. सुट्टी झाली की पळत वर जातो. वरून सुटलं की आधी फळ्या खडखडतात. मग काहीच नाही, नुसतं वारं. मला यायला लागलंय ते. पेडण्याच्या पोराला! मला नाही गं ते सोडून यायचं.

जयराम: वयनी, अर्ज मागे घ्यायचा तर तो मूळ अर्जदारानंच. माझा त्यात अधिकार नाही.

चंद्रावती: ठावक आसा माका. बरा. हे आये, माझा जत्रेतला गाऱ्हाणा मी मागे घेतंय. पडूं दे बर्फ. पन्नास शेंटीमीटर. पण शिगम्याच्या आधी वितळूंक व्हयो.

परेश: आई!

जयराम: अटी घालता येत नाहीत.

चंद्रावती: अट नाय ती, सूचना. बरा, वितळूं नये. पण तेणा थंयच्या खंयच्याय चेडवाच्या नादाक लागूं नये.

परेश: ह्यात बर्फाचा काय संबंध?

चंद्रावती: बर्फातच लागतत. मी सिनेमात बघलंय.

जयराम: पाकळी हललीसुद्धा नाही. देवी फाइल परत पाठवतेय. वयनी, मनातलं बोला. खरं ते.

चंद्रावती: खरा? खरा म्हणजे माका तो घराक व्हयो! झाला? सकाळी उठून भाकरी कोणाक भाजू मी? मांजराक? तीन वर्सां फोनातलो पोर बघतंय. फोनातल्या पोराच्या डोक्यार तेल थापूंक येता? आणि आता तोच म्हणता, माका आवडता म्हणान. तेका आवडता तर मी कशा तोंडान नाय म्हणू? थांबा. तुमी दोघांय कान बंद करा. परेशा, मी फोन पालथो घालतंय.

परेश: घाल.

जयराम: मी तसाही एका कानानं बहिरा आहे. दुसऱ्यावर हात ठेवतो.

परेश: झालं का? मला नुसता काळोख दिसतोय. आई? काका?

जयराम: उजवी! वयनी, उजवी! तोंड मिटायच्या आत पडली! अरे परेश, उजवी दिली देवीनं!

परेश: खरंच? थांबा, बाहेर बघतो. नाही हो. ऊन आहे. कडक. हेल्गाबाई पायांना तेल लावून बसलीय.

चंद्रावती: वायच धीर धर. एका देवीचो निरोप दुसरीक पोचूंक वेळ लागता.

परेश: थांब, हाक मारतेय ती. काय? कधी? आई, काका, परीक्षा हलवली! इथून तीन तास वर, हिमनदीवर. तिथं अजून बर्फ टिकून आहे. पास होतील त्यांना तिथंच काम देणार म्हणे. बस खाली उभी आहे, दहा मिनिटांत सुटतेय!

जयराम: हलवली? दुसऱ्या गावात? अरे, म्हणजे हद्द बदलली! इगर्ज बदलली! गाऱ्हाणं परत घालावं लागेल! थांब!

परेश: काका, बस!

चंद्रावती: जा रे जा! काय खाल्लंस काय?

परेश: बटाटे!

चंद्रावती: हातमोजे घे! आणि कानाक काय तरी बांध!

परेश: घेतो! येतो आई!

चंद्रावती: ये हां, बाबा. ये. ...गेलो.

जयराम: जाऊ दे. उजवी मिळालीय, वरच्या गावातही चालवून घेऊ. आता माझ्या नोंदीसाठी सांगा. विषय बर्फ. पन्नास सेंटिमीटरच घातलंत ना?

चंद्रावती: नाय.

जयराम: मग किती?

चंद्रावती: किती नाय नि काय नाय. बर्फाचा मी बोलूंकच नाय.

जयराम: म्हणजे परत शिगम्याचंच?

चंद्रावती: ताय नाय. घराक येवचा की नाय, ता तेचा तो बघतलो.

जयराम: मग देवीनं होय म्हटलं ते कशाला?

चंद्रावती: तो पडतलोच वो, जयरामभाऊ. पडान पडानच शिकतलो. पडलो म्हणजे कोणतरी जवळ येवन 'लागला काय रे' म्हणान इचारूंक आसूं दे, इतक्याच सांगलंय.